‘तुझे वडील आणि मी’
कौटुंबिक अभ्यासपाठ
वाचन : मत्तय १:१८-२५ आणि लूक २:४१-५२



मार्च महिना ख्रिस्तसभा संत योसेफच्या भक्तीसाठी राखून ठेवते. १९ मार्चला आपण त्याचा सण साजरा करतो. ह्याच सुमाराला आपल्या परभणी जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडत असते. दिवाळीच्या आसपास गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर ह्या भागांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्यांचा हंगाम संपताच गावी परतू लागतात. कुलूप लावलेली घरे उघडतात. परतलेल्या एखाद्या तरुण सुनेला नुकतेच दिवस गेलेले असतात. अजून कोणाला सांगितलेले नसते. ते फक्त दोघांनाच ठाऊक असते.

आजचा पाठ त्या दोघांसाठी आहे. गरोदरपणाचे पहिले तीन महिने अवघड गेले आणि त्या काळात नवऱ्याने साथ दिली, तर त्या साथीची जाणीव कशी ठेवावी, हा आपला विषय आहे. ऊसतोडीला न जाणाऱ्या शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, नोकरदाराच्या घरालाही तो तितकाच लागू आहे.

१. न दिसणारे तीन महिने

सातव्या महिन्यात पोट दिसते. मग ओटी भरतात, डोहाळजेवण होते, बसायला कोणी पाट देतो. पहिल्या तीन महिन्यांत मात्र बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतून सर्वांत जास्त त्रास तेव्हाच होतो. दर दहा गरोदर स्त्रियांपैकी सात-आठ जणींना मळमळ किंवा उलट्या होतात. साधारण सहाव्या आठवड्यात त्रास सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत आराम पडतो. शंभरात एखाद-दोघींना मात्र इतक्या उलट्या होतात की पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, वजन घटते आणि दवाखान्यात सलाईन लावावे लागते.

“आम्ही काय पोरं काढली नाहीत? हिचीच नाटकं,” असे बोल अशा वेळी घरात ऐकू येतात. हे नाटक नाही. गर्भ आणि वार जे एक संप्रेरक तयार करतात, ते आईच्या रक्तात वाढते व मेंदूतील मळमळीच्या केंद्रावर परिणाम करते, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झाले. ज्या स्त्रीच्या शरीराला त्याची आधीपासून कमी सवय असते, तिला त्रास अधिक होतो. म्हणून एकीला काहीच होत नाही आणि तिच्या सख्ख्या जावेला उठवत नाही. ह्यात कोणाच्या मनाचा कमकुवतपणा नाही.

२. एक कोयता, दोन माणसे

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. पहाटे अंधारात उठायचे, त्याने ऊस तोडायचा, तिने पाचट काढून मोळी बांधायची, मग डोक्यावर घेऊन ती गाडीत भरायची. एक जण आजारी पडला की कोयता मोडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ह्या खाड्याच्या भीतीने स्त्रिया आपल्या शरीराचे किती हाल सोसतात, हे आपण मराठवाड्यात जवळून पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१९ साली राज्य शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली.

आता अशी एक कोपी डोळ्यांसमोर आणा. तिला दुसरा महिना आहे. चुलीचा धूर आणि फोडणीचा वास सहन होत नाही. नवरा पहाटे तिच्या आधी उठतो. हंड्याने पाणी आणतो. जमेल तशी वेडीवाकडी भाकरी थापतो आणि कोरडा तुकडा तिच्या उशाशी ठेवतो, म्हणजे उठण्यापूर्वी ती दोन घास चावून खाईल आणि पोट रिकामे राहणार नाही. फडात तिची मोळी तोच उचलतो. ती ओकली की राख टाकून जागा साफ करतो. शेजारच्या कोप्यांतून हसू येते : “बायकोच्या ताटाखालचं मांजर!”

तो उत्तर देत नाही. पण त्याला लागते. त्या वेळी तिने काय बोलावे? ती काहीच बोलली नाही तर काय होईल? बहुधा तो दुसऱ्या दिवशीही पाणी आणील. पण लपून आणील. हळूहळू त्याला वाटू लागेल की आपण काही तरी कमीपणाचे करीत आहोत. पुढच्या खेपेला तो करणार नाही. आणि त्यांचा मुलगा हे कधी पाहणारच नाही.

३. योसेफने काय केले?

मत्तयच्या शुभवर्तमानातील पहिला अध्याय पुन्हा वाचा. मरियेला मळमळ होत होती की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण तिच्या गरोदरपणाचे आरंभीचे दिवस अतिशय कठीण होते, हे नक्की. वाग्दान झालेले होते, सहवास झाला नव्हता. नियमशास्त्राप्रमाणे अशा स्त्रीवर दगडमाराची वेळ येऊ शकत होती (अनुवाद २२:२३-२४). तिची अब्रू आणि जीव, दोन्ही एका माणसाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दावर अवलंबून होते.

योसेफने तो शब्द उच्चारला नाही. देवदूत स्वप्नात येण्याच्या आधीच, काही समजलेले नसताना, तिची चारचौघांत बेअब्रू होऊ द्यायची नाही, असे त्याने ठरवले होते (१:१९). हे महत्त्वाचे आहे. साथ देण्याची पहिली पायरी भांडी घासणे ही नव्हे. बायकोची अडचण गावात चघळायला न देणे, ही पहिली पायरी आहे.

दुसरी गोष्ट : योसेफ घाबरलेला होता. म्हणून तर भिऊ नकोस, असे देवदूताला त्याला सांगावे लागले (१:२०). साथ देणारा नवराही घाबरतो. पैशाचे कसे होईल, हिला काही झाले तर, बाळ राहील ना, हे प्रश्न त्यालाही रात्री झोपू देत नाहीत. फक्त तो ते बोलून दाखवीत नाही.

तिसरी गोष्ट : झोपेतून उठल्यावर त्याने देवदूताच्या सांगण्याप्रमाणे केले आणि मरियेला आपल्या घरी आणले (१:२४). पुढे बेथलेहेमचा प्रवास, मग रातोरात इजिप्त. चारही शुभवर्तमानांत योसेफच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. आहे ते त्याचे वागणे.

४. मरियेने काय केले?

जो माणूस स्वतःविषयी बोलत नाही, त्याच्याविषयी कोणी तरी बोलावे लागते. ते मरियेने केले.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. भोवती मोठमोठे गुरुजन बसलेले आहेत. त्या सर्वांसमोर मरिया मुलाला सांगते की तुझे वडील आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो (२:४८). क्रमाकडे लक्ष द्या. आधी ‘तुझे वडील’, नंतर ‘मी’. संत अगुस्तीन ह्यांनीही आपल्या एका प्रवचनात ह्या क्रमाकडे लक्ष वेधून मरियेच्या नम्रतेविषयी सांगितले आहे. येशू देवाचा पुत्र आहे, हे तिला सर्वांपेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही ज्याने त्या पहिल्या कठीण दिवसांत तिला घरात घेतले, त्याचे स्थान ती बारा वर्षांनीही विसरली नाही. तिने त्याचे दुःख पाहिले आणि ते लोकांसमोर, मुलासमोर बोलून दाखवले.

आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. ‘ह्याचे बाबा’, ‘आमचे हे’ असेच म्हणतात. पण डोहाळजेवणाला सगळ्या मिळून तिला उखाणा घ्यायला लावतात आणि ती लाजत नाव घेते. मरियेचे हे वाक्य मला तसेच वाटते. नाव न उच्चारता तिने नाव घेतले. उखाण्यात नाव घेणाऱ्या आपल्या भगिनींनी एक पाऊल पुढे जावे : नावाबरोबर त्याचे कामही घ्यावे.

५. जाणीव कशी दाखवावी?

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘आमोरिस लेतिशिया’ ह्या कुटुंबाविषयीच्या पत्रावर १९ मार्च २०१६ रोजी, म्हणजे संत योसेफच्या सणादिवशीच, सही केली. कुटुंबात तीन शब्द नित्य वापरात असावेत, असे ते त्यात सांगतात : विनंतीचा, आभाराचा आणि क्षमेचा. आपल्या घरांत नवरा-बायको एकमेकांना ‘धन्यवाद’ म्हणत नाहीत, अवघडल्यासारखे होते. हरकत नाही. आपल्या पद्धतीने म्हणावे.

(अ) नेमके बोलावे. “तुम्ही चांगले आहात,” ह्यापेक्षा “काल रात्री तुम्ही तीनदा उठलात, मला कळलं,” हे अधिक पोहोचते.

(आ) सासू, दीर, शेजारणी ह्यांच्यासमोर बोलावे. ज्या चारचौघांत त्याला हसले जाते, त्याच चारचौघांत त्याचा मान राखावा. सासूला सांगावे, “आई, तुम्ही ह्यांना चांगलं वळण लावलंत.” अर्धे भांडण तिथेच मिटेल.

(इ) त्याची वेडीवाकडी भाकरी चालवून घ्यावी. प्रत्येक कामात चूक काढली तर हात मागे जातो.

(ई) आजारपणात जीव चिडतो, तोंडून वाकडे निघते. बरे वाटल्यावर “मी तेव्हा बोलले ते मनावर घेऊ नका,” एवढे म्हणावे.

(उ) रात्रीच्या प्रार्थनेत त्याच्यासमोर, त्याच्यासाठी, देवाचे मोठ्याने आभार मानावेत.

संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला ह्या इटलीतील डॉक्टर, पत्नी आणि माता. १९६१ साली, चौथे मूल पोटात असताना, दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. गर्भ सुरक्षित राहील अशी शस्त्रक्रिया त्यांनी स्वीकारली. मुलगी सुखरूप जन्मली, पण आठवड्याभरात, २८ एप्रिल १९६२ रोजी, जियान्ना देवाघरी गेल्या. पती पिएत्रो ह्यांना त्यांनी लिहिलेली पत्रे आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. त्यांत प्रेम आणि कृतज्ञता ठायी ठायी आहे. पिएत्रो ह्यांनी मुलांना वाढवले आणि १६ मे २००४ रोजी पत्नीला संतपद जाहीर झाले, तेव्हा वृद्ध पिएत्रो तिथे उपस्थित होते. बोललेले किंवा लिहिलेले प्रेमाचे दोन शब्द माणसाला किती वर्षे पुरतात पाहा.

६. काही शंका

“नवऱ्याने केले तर कौतुक आणि बायको रोज करते ते कर्तव्य, हा कुठला न्याय?” काही भगिनी असे विचारतील. प्रश्न रास्त आहे. विवाह संस्कारात सुखात-दुःखात, आजारात-आरोग्यात साथ देण्याचे वचन दोघांनी सारखेच दिलेले असते. म्हणून नवऱ्याने पाणी आणणे हे बायकोवर उपकार नव्हेत. एकमेकांची ओझी वाहा, ही प्रेषित पौलाची शिकवण (गलती ६:२) दोघांनाही आहे. पण कर्तव्य आनंदाने करणाऱ्यालाही दोन शब्द हवेच असतात. आणि बंधूंनो, तुम्हीही पाहा : जी आपल्या शरीरातून तुमचे लेकरू वाढवीत आहे, तिचे आभार तुम्ही शेवटचे कधी मानलेत?

“आणि ज्यांना अशी साथ मिळाली नाही?” त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. मरियासुद्धा त्या आरंभीच्या दिवसांत एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याकडे राहिली (लूक १:३९-५६). आई, बहीण, जाऊ, शेजारीण, आशाताई ह्यांच्या रूपानेही देव साथ देतो. धर्मग्रामातील महिला मंडळाने अशा भगिनीच्या घरी जावे.

काही वेळा सर्व काळजी घेऊनही बाळ राहत नाही. दिवस गेल्याचे कळल्यानंतरही शंभरात दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. त्याचे कारण बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. त्यात तिचाही दोष नसतो, त्याचाही नसतो. अशा वेळी नवऱ्याने दिलेली साथ वाया गेली, असे समजू नये. त्या दिवसांत तर तिची सर्वांत जास्त गरज असते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी किंवा गडद होत असेल, चक्कर येत असेल, पोटात जोराने दुखत असेल किंवा अंगावरून रक्त जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करा. योसेफ रात्रीच उठून निघाला होता (मत्तय २:१४).

मनन-चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या अवघड दिवसांत जोडीदाराने केलेली कोणती गोष्ट मी कधीच बोलून दाखवली नाही?
२. बायकोला मदत करणाऱ्या पुरुषाची मी कधी थट्टा केली आहे का?
३. माझ्या मुलांनी माझ्या तोंडून ‘तुझे बाबा’ किंवा ‘तुझी आई’ हे शब्द कौतुकाने ऐकले आहेत का?

आठवड्याचा संकल्प : ह्या आठवड्यात एकदा तरी, मुलांसमोर, जोडीदाराच्या एका कामाचे नाव घेऊन आभार मानीन.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आपल्या पुत्राला योसेफच्या घरी सोपवलेस आणि मरियेला त्याच्या आधाराने सांभाळलेस. ज्या घरांत नवा जीव अजून कोणाला न दिसता वाढत आहे, त्या घरांवर तुझा हात असू दे. थकलेल्या मातेला बळ दे, घाबरलेल्या पित्याला धीर दे. आम्हांला मिळालेली साथ ओळखायला डोळे दे आणि ती बोलून दाखवायला वाचा दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे, आमेन.

संत योसेफ, आमच्या कुटुंबांसाठी विनंती कर.