तबकडीवर कोणाचं नाव? : श्रवण कौशल्याचा एक पाठ (इयत्ता ४ थी व ५ वी)



श्रवण, भाषण, वाचन, लेखन. हा क्रम आपण डी.एड.ला पाठ केला. वर्गात मात्र वाचन-लेखनाला तासिका मिळतात आणि श्रवण म्हणजे "गप्प बसा, ऐका" एवढंच उरतं. मुलाने नेमकं काय ऐकलं हे आपण क्वचितच विचारतो. आजचा पाठ त्यासाठी आहे. साहित्य म्हणून एक जुनी ग्रामोफोन तबकडी हवी, आणि गाणं ऐकवायला मोबाईल व छोटा स्पीकर. आमच्या देवळाली कॅम्पात जुन्या घरांच्या माळ्यावर अजून तबकड्या सापडतात. तुमच्या गावातही एखाद्या आजोबांकडे नक्की असेल.

पाठाची कल्पना मला जॅझ ऐकणाऱ्या लोकांवरून सुचली. जॅझ हे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय कलाकारांनी घडवलेलं संगीत. आपला गवई बंदिश धरून त्यावर उपज करतो, तसं तिथे एक धून ठरते आणि मग ट्रम्पेटवाला, सॅक्सोफोनवाला, पियानोवाला आपापल्या पाळीला तिच्यावर जागच्या जागी नवं काही रचतो. या लोकांची एक सवय फार चांगली आहे. आज कोणती रेकॉर्ड लावली हे एकमेकांना सांगताना ते नुसतं नाव सांगून थांबत नाहीत. कंपनी कोणती, साल कोणतं, ट्रम्पेट कोणाचं, बास कोणाचा, ड्रमवर कोण, सगळं सांगतात. माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' लावणारा शौकीन त्यातल्या सातही वादकांची नावं घरच्या माणसांसारखी घेतो.

आता आपल्याकडची हिंदी सिनेमाची जुनी तबकडी हातात घ्या. मधल्या गोल कागदावर सिनेमाचं नाव असतं, गायकाचं, संगीतकाराचं असतं. वाजवणाऱ्यांची नावं? सहसा नाहीतच. गायकाचं नावसुद्धा सुरुवातीला हक्काचं नव्हतं. १९४९ च्या 'महल' मधलं लताबाईंचं गाजलेलं गाणं तबकडीवर 'कामिनी' या नावाने आलं होतं. कामिनी म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! आवाज कोणाचा, असं श्रोत्यांनी रेडिओला विचारत राहावं लागलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुलं हमखास चिडतात. चिडू द्यावं. पाठ तिथूनच सुरू होतो.

पुढचं उदाहरण 'अलबेला', १९५१. भगवानदादांचा सिनेमा, संगीत सी. रामचंद्र यांचं. रामचंद्र नरहर चितळकर हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. ते गायचे तेव्हा 'चितळकर' आणि चाल लावायचे तेव्हा 'सी. रामचंद्र', त्यामुळे एकाच माणसाची दोन नावं वाचायला मिळतात (मुलांना हे कोडं म्हणून घालावं). त्यांच्या गाण्यांत पाश्चात्त्य नाचाचा जो ठेका आहे, त्यामागे मुंबईचे जॅझवाले होते. त्यांतला मोठा माणूस चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं काम. 'अलबेला' मध्ये तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतोसुद्धा! लाखो लोकांनी त्याला पाहिलं, पण नाव किती जणांना माहीत झालं?

हे सगळे गोव्याचेच का, असं एका मुलीने विचारलं. उत्तर आपल्यासारख्या प्राथमिकवाल्यांनी जरूर ऐकावं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सूर ओळखणं, पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणं आणि व्हायोलिनसारखं वाद्य शिकवायचे. चर्चमध्ये गाण्या-वाजवण्यासाठी ते लागायचं. ही गावची मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली. सिनेमाला मोठा वाद्यवृंद हवा होता आणि त्यासाठी कागदावरचे सूर बघून वाजवणारी माणसं लागत होती. म्हणजे आपण ज्या गाण्यांवर वाढलो, त्यांच्या मुळाशी गावच्या शाळेतली संगीताची तासिका आहे. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की आधी तीच तासिका कापतात. सगळे गोव्याचे होते असंही नाही. सॅक्सोफोनवाला रूडी कॉटन हा पारशी, घरचं नाव कावस खटाऊ.

अँथनी गोन्साल्विस हे नाव मुलांना अमिताभच्या गाण्यामुळे माहीत असतं. ते खऱ्या माणसाचं नाव आहे, हे मात्र पालकांनाही माहीत नसतं. गोव्यातल्या माजोर्डा गावचे हे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदाची मांडणी करणारे संगीतकार. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मध्ये शिष्याने गुरूचं नावच गाण्यात घातलं. तबकडीवर जागा नाही, तर गाण्यात!

अशी नावं आज आपल्याला मिळतात ती ऐकणाऱ्यांमुळे. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मुंबईच्या जॅझवाल्यांचा इतिहास लिहिला. १९९० साली मुंबईत रेकॉर्ड जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था उभी राहिली, डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचं सचिवपद सांभाळलं. ही मंडळी एकत्र बसून तबकड्या ऐकतात, तिच्याविषयी बोलतात, माहिती छापतात. श्रवण कौशल्य म्हणतात ते हेच.

आता वर्गातली कृती.

तीन मिनिटांचं एक जुनं गाणं निवडा. पहिल्यांदा नुसतं ऐकवा. दुसऱ्यांदा एकच वाद्य ठरवून द्या. ट्रम्पेट आलं की हात वर, गेलं की खाली. गायिकेचा आवाज सुरू झाला की निम्मे हात आपोआप खाली येतात, मग मुलांच्या लक्षात येतं की मागे ट्रम्पेट चालूच आहे. तिसऱ्यांदा वहीत लिहायचं, काय काय ऐकू आलं. चौथ्यांदा ऐकवू नका, कंटाळतात.

मग गणित. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. एकूण फेरे किती? ७८ × ३ = २३४. नंतरची एल.पी. मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं इतकं खरंखुरं उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. तीन मिनिटांत बरोबर १००, तर १८ मिनिटांत? आणि एका बाजूला खाचा किती, हे विचारा. मुलं शंभर, हजार म्हणतात. खाच एकच असते, कडेपासून आतपर्यंत गोल गोल जाणारी. परिसर अभ्यासात लाखेचा किडा येतो, तोही जोडा. ७८ ची तबकडी लाखेपासून केलेल्या शेलॅकची असते, म्हणून पडली की फुटते. एल.पी. प्लास्टिकच्या जातीच्या व्हायनिलची.

शेवटी प्रत्येक गटाने कागदाचं गोल लेबल करायचं, आपल्या शाळेच्या परिपाठाचं. गाणारे, पेटी, ढोलकी, टाळ, सगळ्यांची नावं. आमच्या वर्गात स्पीकर उचलून आणणाऱ्या मुलाचं नाव लिहायचं की नाही, यावर दोन गटांत चांगलंच भांडण झालं. एका गटाने लिहिलं, दुसऱ्याने नाही लिहिलं. दोन्ही लेबलं भिंतीवर लावली आहेत आणि वाद अजून चालू आहे.

पालकांसाठी थोडं. घरात तबकड्या असतील तर कडेला धरून उचला, खाचांवर बोट नको. आडव्या थप्पीत न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. ७८ च्या तबकडीला आणि एल.पी.ला वेगवेगळी सुई लागते, एकीची दुसरीला लावू नका. आणि भंगारवाल्याला देण्याआधी मुलाला जवळ बसवून मधला कागद मोठ्याने वाचून घ्या. त्यावर काय सापडलं ते खाली कळवा.