कायद्याचा पाठ : साक्ष द्यायची वेळ आली तर?

(गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. गावात बांधावरून डोकी फुटली, एखादी सून जळाली, कुणाला भर रस्त्यात मारलं, तर आपण आधी दार लावून घेतो. कुणी विचारलंच, तर ‘आम्ही काही पाहिलं नाही बाई’ म्हणतो. भीती खोटी नसते. उद्या त्याच गल्लीत राहायचं असतं, रोज बुडतो, तालुक्याला हेलपाटे पडतात. पण पाहणाऱ्या सगळ्यांनीच दार लावलं, तर मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणार कोण? या वेळी आपण एका खऱ्या खटल्यातून हे समजून घेऊ या.

काय घडलं?

डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. शिक्षणाने डॉक्टर आणि तरुणपणी कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. भोंदूबाबा, करणी, भानामती यांच्या नावाखाली लोकांची, त्यातही बायकांची जी लूट आणि छळ होतो, तो थांबवणारा कायदा व्हावा म्हणून ते कित्येक वर्षं झटत होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ते पुण्यात फिरायला निघाले होते. ओंकारेश्वर मंदिराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि मोटारसायकलवरून पळ काढला. दाभोलकर तेव्हा ६७ वर्षांचे होते. ज्या कायद्यासाठी ते झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

अकरा वर्षांची वाट

तपास आधी पुणे पोलिसांकडे होता. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे दिला. २०१६ मध्ये पहिली महत्त्वाची अटक झाली. त्या वेळच्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून वेगळ्याच दोघांची नावं होती. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणाच्या तपासातून धागा मिळाला आणि सचिन अंदुरे व शरद कळसकर यांना अटक झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयात पाच जणांवर आरोप निश्चित झाले आणि खटला उभा राहिला. सरकार पक्षाने २० साक्षीदार तपासले.

१० मे २०२४ रोजी निकाल लागला. अंदुरे आणि कळसकर या दोघांना खुनाबद्दल जन्मठेप आणि प्रत्येकी पाच लाख रुपये दंड झाला. बाकीच्या तिघांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. हत्येपासून निकालापर्यंत पावणेअकरा वर्षं गेली.

झाडू हातात असलेला साक्षीदार

आता आपल्या कामाची गोष्ट. या खटल्यात महत्त्वाच्या ठरलेल्या साक्षीदारांपैकी एक होता पुणे महापालिकेचा सफाई कामगार. त्या सकाळी तो नेहमीसारखा कामावर होता. त्याने गोळ्या झाडणाऱ्यांना पाहिलं. साडेआठ वर्षांनी, २०२२ मध्ये, तो कोर्टात उभा राहिला आणि समोरच्या आरोपींपैकी दोघांना त्याने ओळखलं. आरोपीच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतली. तो आपल्या सांगण्यावर ठाम राहिला. आणखी एका प्रत्यक्षदर्शीचीही साक्ष झाली. या दोघांवर न्यायालयाने विश्वास ठेवला.

विचार करा. उच्च न्यायालय, सीबीआय, मोठमोठे वकील असलेल्या या खटल्यात गोळ्या कुणी झाडल्या हे सिद्ध व्हायला रस्ता झाडणाऱ्या माणसाचे डोळे कामी आले. कोर्टात साक्षीदाराचं शिक्षण, पगार, जात विचारात घेत नाहीत. त्याने स्वतः काय पाहिलं आणि ते किती भरवशाचं आहे, एवढंच तोलतात. सकाळी पाण्याला, शेतावर, रोजगार हमीच्या कामाला जाणारी बाई गावातलं पुष्कळ काही पाहत असते. तिचा शब्दही कोर्टात तेवढ्याच वजनाचा आहे.

मग तिघे सुटले कसे?

हा या पाठाचा दुसरा धडा, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. न्यायालयाने निकालात म्हटलं की या लोकांविरुद्ध संशयाला जागा आहे, पण आरोप सिद्ध करणारा पुरावा सरकार पक्ष देऊ शकला नाही. या हत्येमागचा खरा सूत्रधार कुणी वेगळाच आहे आणि त्याच्यापर्यंत तपास यंत्रणा पोचल्या नाहीत, अशी कडक नोंदही न्यायालयाने केली.

म्हणजे काय, तर संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा होत नाही. आपण पारावर म्हणतो, ‘सगळ्या गावाला माहीत आहे, त्यानेच केलं.’ पण गावाला माहीत असणं वेगळं आणि एखादीने स्वतः पाहिलेलं असणं वेगळं. ऐकीव गोष्ट ‘मी पाहिली’ म्हणून सांगितली, तर उलटतपासणीत ती उघडी पडते आणि तिच्यासोबत खरी गोष्टही बुडते. खोटी साक्ष देणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे. म्हणून जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं, त्यात मीठमिरची घालायची नाही.

आपल्यावर वेळ आली तर

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यातल्या आणि इतर नियमांतल्या या गोष्टी लक्षात ठेवा :

१. गुन्हा घडताना दिसला की ११२ वर फोन करा. जखमीला मदत करा, पण तिथल्या वस्तू उचलू नका, रक्त पुसू नका, जागा धुऊ नका. पंचनामा त्यावरच होतो.

२. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देता येते. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. फिर्याद देणाऱ्याला तिची नक्कल फुकट मिळते.

३. जबाब घेण्यासाठी बाईला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी ती राहते तिथे जाऊन विचारायचं असतं. साठीच्या पुढच्या माणसांनाही हाच नियम आहे. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं.

४. पोलीस तपासात साक्षीदाराचा जो जबाब लिहितात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. फिर्यादीवर मात्र सही लागते आणि पंचनाम्यावर पंचांची सही लागते. पंच म्हणून सही करणार असाल, तर कागद पूर्ण वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नको.

५. घरी आल्यावर काय पाहिलं, किती वाजता, उजेड होता का, कोण कुठे उभं होतं, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. साक्षीची पाळी वर्षानुवर्षांनी येते, तेव्हा आठवण ताजी करायला ही वही उपयोगी पडते.

६. समन्स आलं की जावं लागतं, ते टाळू नका. सरकारी वकिलांना आधी भेटा. प्रवासाचा वाजवी खर्च साक्षीदाराला देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं. तो मागायला लाजू नका.

७. उलटतपासणीत आरोपीचे वकील आडवेतिडवे प्रश्न विचारतील, ते त्यांचं कामच आहे. घाबरू नका, चिडू नका. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणा. त्यात कमीपणा नाही.

८. कुणी धमकी दिली तर गप्प बसू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत संरक्षणासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

गट काय करू शकतो?

बरेच साक्षीदार फितूर होतात ते पैशाने किंवा एकटेपणाने. पैशाचं आपण फार काही करू शकणार नाही, पण एकटेपणाचं नक्की करू शकतो. गटातल्या कुणाला साक्षीला जायचं असेल, तर दोघी तिच्यासोबत जा. त्या दिवशी तिची गुरं, तिची पोरं तिसरीने सांभाळा. तिने काय बोलावं हे मात्र कुणीही शिकवू नका. पाहिलंय तिने, सांगायचंही तिनेच.

म्हण जुनी आहे आणि तिच्यामागचा अनुभवही खरा आहे. तरी दाभोलकर खटल्यातल्या त्या कामगाराने पायरी चढली नसती, तर शिक्षा झालेल्यांना ओळखणारा एक महत्त्वाचा आवाज कोर्टापुढे आलाच नसता.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कुणी साक्ष द्यायला मागे सरलं, असं कधी झालं का? कशाची भीती होती? (नावं घेऊ नका.)

२. ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’ यांतला फरक प्रत्येकीने एकेका उदाहरणातून सांगा.

३. तिघे सुटले याचं वाईट वाटतं. पण पुराव्याशिवाय शिक्षा होऊ लागली, तर उद्या आपल्या घरातल्या माणसाचं काय होईल?

४. पुढच्या बैठकीआधी दोघींनी तालुक्याच्या कोर्टात जाऊन विधी सेवा समितीचं कार्यालय कुठे आहे ते बघून यावं आणि गटाच्या वहीत पत्ता लिहावा. ही जबाबदारी कोण घेणार?