वेरितास वाक्यात बसवताना

हार्वर्ड विद्यापीठाच्या ढालीवर तीन उघडी पुस्तकं आहेत. एकावर ‘वे’, दुसऱ्यावर ‘रि’ आणि तिसऱ्यावर ‘तास’ ही अक्षरं आहेत. 1643 साली ठरलेलं हे बोधवाक्य म्हणजे एकच शब्द, वेरितास. अर्थ सत्य. बहुतेकांना हा लॅटिन शब्द असाच भेटतो, कुठल्यातरी चिन्हावर किंवा बिल्ल्यावर. तिथे तो एकटाच असतो, त्यामुळे अडचण येत नाही. वाक्यात आणला की त्याचा शेवट बदलावा लागतो आणि नवशिके तिथेच अडकतात. मराठी माणसाला मात्र यातलं निम्मं काम घरबसल्या येत असतं. उरलेल्या निम्म्यात कुठे पाय घसरतो, तेवढं बघून ठेवायचं.

सुरुवात कोशापासून करा. लॅटिन कोशात नामाची दोन रूपं शेजारी शेजारी दिलेली असतात: वेरितास, वेरितातिस. दोन्ही एका दमात पाठ करा. दुसरं रूप षष्ठीचं, म्हणजे ‘सत्याचा’. त्याचा शेवटचा ‘इस’ काढला की ‘वेरितात्’ उरतं. हे आपलं सामान्यरूप समजा. ‘सत्य’चं ‘सत्या’ होतं आणि मग प्रत्यय लागतो, तसंच इथे. नुसतं ‘वेरितास’ पाठ करणाऱ्याला पुढचं एकही रूप बनवता येत नाही. उच्चाराची फार काळजी नको, कारण लॅटिन ‘त’ आपल्यासारखाच दंत्य आहे.

मग लिंग. इथे मराठीच दगा देते. ‘सत्य’ आपल्याकडे नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणही नपुंसकलिंगी लावायचा मोह होतो आणि ‘वेरितास माग्नुम एस्त’ असं वाक्य तयार होतं. ते चूक आहे. वेरितास स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘वेरितास माग्ना एस्त’, सत्य महान आहे. लक्षात ठेवायला सोपी खूण आहे: लॅटिनचा ‘-तास’ आणि आपला मानवता, मधुरता यांतला ‘-ता’ हे एकाच जुन्या कुळातले प्रत्यय आहेत आणि दोन्ही स्त्रीलिंगी नामं बनवतात. हुमानितास म्हणजे मानवता. वेरितास मनात ‘सत्यता’ म्हणून ठेवा, विशेषण आपोआप बरोबर येईल.

आता वाक्य. पहिलं वाक्य दोनच शब्दांचं करा, कर्ता आणि क्रियापद: वेरितास विंकित, सत्य जिंकतं. 1990 ते 1992 या काळात चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर हेच वाक्य होतं. चेक आणि स्लोव्हाक भाषांत ते किंचित वेगळं होतं, म्हणून दोघांचीही नसलेली लॅटिन निवडली गेली. चर्चच्या इटालियन वळणाच्या उच्चारात हेच ‘विंचित’ होतं. दोन्ही चालतात, फक्त एकाच वाक्यात मिसळू नका.

हेच वाक्य काळात फिरवून बघा. विंकित म्हणजे जिंकतं, वीकित म्हणजे जिंकलं, विंकेत म्हणजे जिंकेल. अनुस्वार गेला आणि ‘वी’ दीर्घ झाला की भूतकाळ, ‘कि’चा ‘के’ झाला की भविष्यकाळ. शेवटी ‘एत’ म्हणजे भविष्यकाळ असा नियम मात्र करून ठेवू नका. ‘वेरितास मनेत’ म्हणजे सत्य टिकतं, आत्ता, वर्तमानात. टिकेल म्हणायचं तर ‘मनेबित’. क्रियापदांचे गण वेगळे असल्यामुळे असं होतं आणि ते गण पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळ्यात जास्त चुका कर्मात होतात. ‘मुलगी सत्य शोधते’ या मराठी वाक्यात ‘सत्य’ला काहीच लागत नाही, कारण निर्जीव कर्माला आपण प्रत्यय लावत नाही. म्हणून नवशिका निर्धास्तपणे ‘पुएल्ला वेरितास क्वाइरित’ लिहितो. लॅटिनमध्ये कर्म निर्जीव असलं तरी त्याचं रूप बदलतं: पुएल्ला वेरितातेम क्वाइरित. शब्दक्रम मात्र हुबेहूब आपला, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्यांना ही सवय मुद्दाम लावावी लागते, आपल्याला ती आयती मिळते. याच साच्यात आणखी वाक्यं घाला: तेस्तिस वेरितातेम केलत, साक्षीदार सत्य लपवतो. मध्ये ‘नोन’ टाका, तेस्तिस वेरितातेम नोन केलत, म्हणजे लपवत नाही.

बाकीच्या विभक्ती झटपट उरकता येतात. आमोर वेरितातिस म्हणजे सत्याची ओढ. विश्वास ठेवणे या अर्थाच्या ‘क्रेदेरे’ला चतुर्थी लागते, म्हणून यूदेक्स वेरिताती क्रेदित, न्यायाधीश सत्यावर विश्वास ठेवतो. ‘सत्यावर’मुळे गोंधळ होत असेल तर ‘सत्याला मानतो’ असं मनात म्हणा. ‘शिवाय’ आणि ‘विषयी’ या अर्थाच्या शब्दांनंतर ‘वेरिताते’ येतं: सिने वेरिताते, सत्याशिवाय, आणि दे वेरिताते, सत्याविषयी. थॉमस अक्वायनसच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथाच्या नावात हेच रूप आहे. ‘इन वीनो वेरितास’ या म्हणीत मात्र रूप बदलत नाही, कारण तिथे सत्य कर्ता आहे आणि बदललेला शब्द वाइनचा आहे. ‘आहे’ गाळलेलं आहे, जसं आपण ‘एकी हेच बळ’मध्ये गाळतो.

एवढं जमलं की एक मोह आवरायचा: दिसेल तिथे वेरितास घालायचा. ‘मी खरं सांगतो’ असं म्हणताना रोमन माणूस साधारणपणे ‘वेरुम दीको’ म्हणे. वेरुम म्हणजे ‘खरा’ या विशेषणाचं नपुंसकलिंगी रूप, अगदी आपल्या ‘खरं’सारखं. आपणही ‘खरं सांग’ म्हणतो, ‘सत्य सांग’ नाटकात किंवा कोर्टात. प्रश्न विचारायचा तर ‘ने’ जोडा: वेरुम्ने दीकिस? खरं सांगतोस का? ‘वेरितातेम दीको’ व्याकरणाने चुकीचं नाही, पण रोजच्या बोलण्यात जड वाटतं. गंमत अशी की लॅटिनमध्ये ‘वेरुम’चा ‘पण’ असाही अर्थ होतो. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. ‘यायचं होतं खरं वेळ नव्हता’ असं ते बोलतातच.

सरावाला रोज एकच क्रियापद घ्या आणि त्याच्याबरोबर वेरितास एकदा कर्ता, एकदा कर्म, एकदा ‘सिने’नंतर असं लिहा. अनेकवचनाच्या मागे लागू नका, ते क्वचितच लागतं. वाक्य शाळेच्या बिल्ल्यावर किंवा दंडावर गोंदवून घ्यायचं असेल, तर मशीनने केलेल्या भाषांतरावर विसंबू नका, लॅटिन येणाऱ्या माणसाला आधी दाखवा. रूपाची शंका घरीच फेडायची तर लुईस आणि शॉर्ट यांचा 1879 सालचा लॅटिन-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो.