‘कोझी’ म्हणजे नुसतं आरामदायक नव्हे

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांनी ‘कोझी’चा अर्थ विचारला की आपण ‘आरामदायक’ सांगून मोकळे होतो. मीही वर्गात तेच सांगायचे. पण आरामदायक तर चप्पलही असते, तिला कोणी कोझी म्हणत नाही! या शब्दात ऊब हवी, आडोसा हवा. बाहेर थंडी-वारा असेल तर आणखीच छान.

कारण शब्द आलाय थंड मुलखातून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्कॉटलंडच्या बोलीत दिसतो. मूळ स्कँडिनेव्हियातलं असावं, असं कोशकार मानतात. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांनी 1785 मध्ये एका उंदरावर कविता लिहिली. हिवाळा तोंडावर आलेला, उंदीर बिचारा घरट्यात उबेला बसलेला आणि नांगराच्या फाळाने ते घरटंच मोडलं. त्या घरट्यासाठी कवीने हाच शब्द वापरलाय. एवढा प्रसंग मुलांना सांगा, अर्थ वेगळा लिहून द्यावा लागत नाही.

स्पेलिंगमध्ये ब्रिटिश लोक ‘एस’ लिहितात, अमेरिकन ‘झेड’. दोन्ही बरोबर, तेव्हा गुण कापू नका. आणि हो, चहा गरम राहावा म्हणून किटलीला जे टोपडं घालतात, तेही ‘टी कोझी’च.

मराठीत मी आता ‘उबदार’ सांगते. गोधडीत गुरफटून बसल्यासारखं म्हटलं, तर पहिलीतल्या पोरालाही कळतं.