मुलाचा राग आणि हरवलेला मित्र

मागच्या वर्षी आमचा सातवीतला मुलगा एकाएकी चिडका झाला. धाकट्या बहिणीवर हात उगारायचा, दारे आपटायचा, आणि शाळेच्या दिवशी सकाळी नेमके पोट दुखायचे. मी त्याला रागावलो, मोबाईल काढून घेतला. संगणकाच्या कामात आधी कारण शोधतो, मग दुरुस्ती करतो. घरी मात्र उलटे केले. दोन महिन्यांनी तो आईजवळ रडला, तेव्हा कळले की बसमध्ये तीन मोठी मुले त्याच्या बोलण्याची रोज नक्कल करतात आणि डबा लपवतात.

ही नुसती चेष्टा नव्हे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : तो मुद्दाम असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ समान नसते. छळ सोसणारी काही मुले मिटून जातात, तर काही दुसऱ्यांवर धावून जातात. स्वतः छळ सोसून इतरांना छळणाऱ्या मुलांचे मानसिक हाल सर्वांत जास्त होतात, असे अभ्यासांत दिसते. म्हणून रागीट मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याला कोण त्रास देत आहे, हे विचारावे.

हॉजेस व सहकाऱ्यांचा १९९९ मधील शाळकरी मुलांवरचा अभ्यास मला फार पटला. ज्यांना जिवलग मित्र नव्हता, त्यांच्यात छळानंतर वर्षभरात उदासी व आक्रमकता वाढली. ज्यांना होता, त्यांना त्याचे कवच मिळाले.

आमच्या मुलाचा मित्र तीन महिन्यांपूर्वीच कायमचा भारतात गेला होता. जुलै २०१७ पासून येथे कुटुंबातील प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल शुल्क लागू झाले, ते २०२० मध्ये ४०० वर गेले. त्या काळात अनेकांनी बायकामुलांना मायदेशी पाठवले. आपण रियालचा हिशेब मांडतो. मागे राहिलेल्या मुलाचा मित्र गेला, हे कोणत्याच वहीत लिहीत नाही.

पालकांनी एवढे करावे :

१. "तूही दोन ठेवून दे" असे सांगू नये. मी सांगितले होते. त्याने त्या दोन बहिणीला दिल्या.

२. तारीख, जागा व प्रसंग लिहून वर्गशिक्षकांना शांतपणे भेटावे. सीबीएसईने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळविरोधी समिती नेमण्यास सांगितले आहे, तिची चौकशी करावी.

३. झोप, भूक वा अभ्यास बिघडला, किंवा मूल जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलले, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

४. एक मित्र जोडून द्यावा. आम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी मलाझच्या किंग अब्दुल्ला पार्कमध्ये त्याच्या वर्गातल्या एका मुलाला सोबत नेऊ लागलो.

बसमधला त्रास शिक्षकांनी थांबवला. बहिणीवरचा हात मात्र मित्र मिळाल्यावरच थांबला. आपल्या शेजारचे एखादे कुटुंब परत जात असेल, तर मागे कोणते मूल एकटे पडते आहे, तेवढे जरूर पाहावे.