चेहऱ्यावरून भांडू नकोस, मने!

मने, बहिर्जी नाईकांच्या भूमिकेत पुन्हा नवा माणूस घेतला तर तू सिनेमाच पाहणार नाहीस म्हणे! दादाशी याच विषयावरून वाजलं, हेही कानावर आलं. आता तू कमावती आहेस, तुझ्या पैशानं तिकीट काढतेस, त्यामुळे मी कोण सांगणारी? पण शिवाजी महाराजांच्या या गुप्तहेराच्या गोष्टींचं वेड तुला लागलं ते माझ्यामुळेच. म्हणून दोन शब्द ऐक.

आधी हे बघ. दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’मध्ये, म्हणजे २०१८ साली, बहिर्जी झाले होते प्रसाद ओक. पुढच्याच वर्षी ‘फत्तेशिकस्त’ आला, त्यात हरीश दुधाडे. तेव्हा आपण तक्रार केली का? अजय पूरकर ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू होते आणि ‘सुभेदार’मध्ये तानाजी. दोन्ही वेळा तू माझाच रुमाल ओला केलास. तिकडे त्या जेम्स बाँडच्या मुख्य मालिकेत १९६२ पासून सहा नट होऊन गेले आणि प्रत्येक वेळी जुन्याचे चाहते रुसले. नवा स्थिरावला की तेच रुसणारे पुढच्या वेळी त्याच्यासाठी भांडले! आता सातव्याची पाळी आहे.

बहिर्जींच्या बाबतीत तर चेहरा बदलण्याला अर्थच आहे गं. वेषांतर करून शत्रूच्या गोटात वावरणारा माणूस तो. प्रसाद ओक मोठे नट, पण ‘धर्मवीर’नंतर त्यांना पाहिलं की लोकांना आनंद दिघे आठवतात. ज्याला बघताच थिएटरात शिट्ट्या पडतात, तो हेर म्हणून गर्दीत मिसळणार कसा? त्यामुळे माझं तर म्हणणं आहे की, लांजेकरांच्या सिनेमांची ही मालिका नव्यानं उभी करावी, बहिर्जींना मध्यभागी ठेवून, आणि माणूसही असा घ्यावा की ज्याला कुणी ओळखत नाही.

असा माणूस कुठे मिळेल, विचार. वडसा देसाईगंजला जा म्हणावं! दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. धान घरात आलेलं असतं, गावोगावी मंडप पडतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. हजार माणसं समोर बसलेली, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत आवाज पोचवायचा, आणि दुसऱ्या रात्री दुसरं गाव, कधी दुसरी भूमिकाही. सोंग बदलून गाव जिंकण्याची ही सवय कुठल्या अभिनयाच्या वर्गात मिळते? गडचिरोली-चंद्रपूरकडचा एखादा पोट्टा बहिर्जी झाला तर मी नागपुरात पेढे वाटीन. पेढे कशाला, संत्रा बर्फी वाटीन.

तू मला विचारलं होतंस, मग नव्या सिनेमात तुला हवं तरी काय? सांगते.

एक तर काळाचा क्रम हवा. आत्ताची चित्रमालिका बघ: आधी पन्हाळा, म्हणजे १६७३, मग लाल महाल, १६६३, मग पावनखिंड, १६६०, मग अफजलखान, १६५९, आणि नंतर सिंहगड, १६७०. प्रत्येक सिनेमा स्वतंत्र म्हणून ठीक आहे. पण बहिर्जी तरुणाचे प्रौढ कसे झाले, पहिल्या कामगिरीत कुठे घाबरले, माणसं कशी जोडली, हे त्यात सापडत नाही. वर्षं सरळ लावली की माणूस वाढताना दिसतो.

दुसरं म्हणजे बातमी कशी काढली ते दाखवा, नुसती काढली म्हणून सांगू नका. लाल महालाचंच घे. रमजानचा महिना. मराठे स्वयंपाकघराच्या बाजूनं शिरले. तिथून जनानखान्याकडे जाणारं दार विटांनी बुजवलेलं होतं, ते फोडून आत गेले आणि शास्ताखान बोटं गमावून वाचला. वाडा महाराजांच्या बालपणीचा, त्यामुळे खोल्या त्यांना पाठ होत्या. पण खान राहायला आल्यावर कुठलं दार बुजवलं, पहारेकरी कधी पेंगतात, आचारी कुठे झोपतात, हे कुणीतरी आत जाऊन बघून आलं असणार ना? तो कुणीतरी मला पडद्यावर बघायचा आहे. पाण्याची घागर खांद्यावर घेऊन भिंतीजवळ दोन क्षण जास्त रेंगाळणारा, ओल्या चुन्याकडे तिरक्या नजरेनं पाहणारा. त्यात तलवारही नको नि स्लो मोशनही नको.

तिसरं, केसर. मृण्मयी देशपांडेनं केलेली ही हेरगिरी करणारी बाई मला अजून हवी होती. ज्या ठिकाणी पुरुषाला पाऊल टाकता येत नाही तिथली बातमी बायकांशिवाय कोण आणणार? नव्या मालिकेत तिला एक अख्खा सिनेमा द्या.

आणि शेवट कुठे व्हावा, तेही मी मनाशी ठरवून ठेवलंय. सभासदाच्या बखरीत बहिर्जींचं नाव येतं ते जालन्याच्या स्वारीच्या संदर्भात. साल १६७९. लूट बरोबर, माणसं दमलेली, मोगल फौज मागावर. तेव्हा बहिर्जींनी आडवाटेनं, रात्रंदिवस चालवत सगळ्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. महाराज तिथे विसावले, म्हणून त्या गडाला विश्रामगड म्हणतात. हेराची खरी कमाई हीच की संकटाच्या रात्री वाट त्याला ठाऊक असते. यावर अजून मोठा सिनेमा झाला नाही, याचंच मला नवल वाटतं. पुढे हवं तर सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर कॅमेरा न्यावा. बहिर्जींची समाधी तिथे दाखवतात.

आता थोडं कडू बोलते, राग मानू नकोस. आवडत्या नटाची बाजू घेणं वेगळं आणि नव्याला पाण्यात पाहणं वेगळं. चिन्मय मांडलेकरांचं आठव. ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत महाराज त्यांनीच उभे केले. २०२४ मध्ये मुलाच्या नावावरून त्यांच्या घरच्यांना लोक इतकं टाकून बोलले की, यापुढे ही भूमिका करणार नाही असं त्यांना जाहीर करावं लागलं. प्रेक्षक म्हणून आपलं केवढं नुकसान झालं! नट आवडला नाही तर तोंडावर सांग, कारण देऊन सांग: भाषा कच्ची वाटली, घोड्यावर नीट बसत नाही, दाढी चिकटवलेली दिसते. त्याच्या घरापर्यंत जायचं नाही. आणि सिनेमा यायच्या आधी निकाल लावायचा नाही.

राहता राहिली बहिष्काराची धमकी. बाप्पा, ती आपल्या नागपूरकरांना तर परवडतच नाही! सिनेमावाल्यांच्या हिशेबात विदर्भ मुंबई सर्किटमध्ये नाही, सी.पी. बेरारमध्ये येतो आणि इथे राज्य हिंदी सिनेमाचं. मराठी सिनेमाला एखाद-दुसरा खेळ मिळतो, तोही दुपारच्या उन्हात नाहीतर सकाळी, आंघोळ व्हायच्या आधी. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की तो खेळही जातो. मग पुण्या-मुंबईचे लोक म्हणायला मोकळे की नागपुरात मराठी चालत नाही.

तेव्हा नवा बहिर्जी कुणीही असो, तू पहिल्या शुक्रवारी जा. ऑफिसातल्या दोघीतिघींना ओढून ने. बघून आल्यावर मला फोन कर आणि हवं तेवढं भांड, मी ऐकून घेईन. फक्त रविवारची वाट पाहू नकोस. आपल्याकडे रविवारपर्यंत खेळ राहीलच याचा भरवसा नसतो.