‘सायकोपॅथ’ : एका शब्दाचा विचार

एखाद्या निर्घृण कृत्याची वार्ता छापताना वर्तमानपत्रे ‘माथेफिरू’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. चित्रपटांनी त्यात ‘सायको’ या नावाची भर घातली, आणि आता ते शाळेच्या पटांगणातही ऐकू येते. कोणी मुलगा खेळात सोबत्यास पाडून वर हसला, की इतर मुले त्यास तेच नाव ठेवून मोकळी होतात. या शब्दाचा खरा अर्थ काय, याचा थोडा विचार विद्यार्थिमित्रांसमवेत करावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. सायकोपॅथ म्हणजे वेडा नव्हे. कोंकणीत आम्ही ज्याला ‘पिसो’ म्हणतो, तो तर नव्हेच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला व त्यास ‘शहाणपणाचा मुखवटा’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांनी वर्णिलेल्या माणसांना भास होत नाहीत, त्यांची तर्कबुद्धी शाबूत असते, बोलणे तर मोठे लाघवी. उणीव असते ती पश्चात्तापाची आणि दुसऱ्याच्या दुःखाने हेलावणाऱ्या अंतःकरणाची. स्किझोफ्रेनियाचा रोगी याहून सर्वस्वी निराळा. तो आपल्याच भासांनी गांजलेला असतो आणि बहुधा कोणासही उपद्रव देत नाही. परंतु दोघांस एकाच शब्दात कोंबल्यामुळे शेजारीपाजारी त्या बिचाऱ्यालाही निष्कारण भितात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी बंदिवानांच्या अभ्यासावरून २० लक्षणांची एक तपासणीसूची तयार केली. तिची सुधारलेली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक लक्षणास ०, १ किंवा २ गुण, एकूण गुण ४०. अमेरिकेत ३० गुणांवर सायकोपॅथ मानण्याचा प्रघात आहे. ब्रिटनमध्ये पुष्कळदा २५ गुण पुरेसे होतात. म्हणजे २७ गुणांचा मनुष्य अटलांटिक महासागर ओलांडताच सायकोपॅथ ठरावयाचा! आमच्या परीक्षांतील उत्तीर्णतेच्या रेषेसारखीच ही रेषाही माणसांनीच आखलेली आहे. ती लक्षणे थोड्याफार प्रमाणात, एकेकटी, आपल्यापैकी अनेकांत सापडतील.

अपराधावर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. अशा माणसाच्या हातून ज्यांनी फसवणूक वा मारहाण सोसली, त्यांचे दुःख खरे आहे, आणि त्याच्यापासून दूर राहण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. आमची तक्रार एवढीच की, हा शिक्का एकदा मारला म्हणजे पुढे काही करावयाचे उरले नाही, असे सर्वांस वाटू लागते. मुलांच्या बाबतीत तर हे फार घातक. म्हणूनच वैद्यकशास्त्र येथे जपून बोलते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथानुसार समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान १८ वर्षांखालील कोणाचेही करता येत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे मेंडोटा नावाचे एक केंद्र १९९५ साली सुरू झाले. इतर सुधारगृहांना जी किशोरवयीन मुले आवरत नसत, ती तेथे पाठविली जात. शिक्षा झाली की ही मुले अधिक उद्दाम व्हावयाची, मग शिक्षाही अधिक कडक, पुन्हा उद्दामपणा. हे रहाटगाडगे थांबविण्यासाठी तेथील मंडळींनी बक्षिसावर भर दिला. आज नीट वागलात, तर सवलत लगेच मिळणार. उद्या बिघडलात, तर ती जाईल, परंतु परवा पुन्हा मिळविता येईल. मुलगा अंगावर धावून आला तरी त्याच्याशी बोलणे सोडावयाचे नाही. हे काम किती चिवटपणाचे असेल, हे वर्ग सांभाळणाऱ्यांस सांगावयास नको. पुढे मायकेल कॉल्डवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा मागोवा घेतला. नेहमीच्या सुधारगृहांतच राहिलेल्या तशाच मुलांच्या मानाने मेंडोटातून बाहेर पडलेल्यांच्या हातून हिंसक गुन्हे पुष्कळच कमी घडले होते.